उत्तम शहर कोणते? – दिल्ली परिसराच्या निमित्ताने एक अभ्यास

राहण्यासाठी उत्तम नगर कोणते, हा प्रश्न आजचा नाही. चाणक्यनीतीत या प्रश्नाचे उत्तर मोजक्या शब्दांत दिलेले आढळते. धनिक, विद्वान, राजा, नदी आणि वैद्य ही पाच जेथे नाहीत, तेथे माणसाने एक दिवसही वास्तव्य करू नये, असा त्या वचनाचा आशय आहे. अर्थव्यवहार, शिक्षण, प्रशासन, पाणी आणि आरोग्य या पाच कसोट्यांवर वसतिस्थानाची परीक्षा घेणारी ही एक प्राचीन सूचीच म्हणावी लागेल. आधुनिक काळात जगातील शहरांची क्रमवारी लावणाऱ्या संस्थाही फार निराळे काही करीत नाहीत. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ची क्रमवारी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा अशा पाचच गटांवर उभी आहे.

नोकरीतील बदली, मुलांचे शिक्षण, निवृत्तीनंतरचे वास्तव्य आणि गृहकर्जाचा निर्णय या चार प्रसंगी प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न पडतो. वीस वर्षांच्या हप्त्याने घर घेणारा ग्राहक केवळ भिंती व छप्पर विकत घेत नाही. तो एका शहराच्या वीस वर्षांच्या भवितव्यात भागीदार होत असतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार थोड्या शास्त्रशुद्ध रीतीने होणे अगत्याचे आहे. त्यासाठी देशाच्या राजधानीचा परिसर हे फार बोलके उदाहरण आहे.

क्रमवारी काय सांगते?

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘इझ ऑफ लिव्हिंग’ निर्देशांक प्रथम प्रसिद्ध केला. १११ शहरांच्या त्या यादीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब होती. दिल्लीचा क्रमांक ६५वा, तर बंगळुरूचा ५८वा होता. पुढील निर्देशांक मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बंगळुरू थेट पहिले आले, पुणे दुसरे राहिले आणि दिल्ली १३व्या स्थानी पोहोचली.

अडीच-तीन वर्षांत बंगळुरूचे रस्ते, पाणी वा वाहतूक एवढी बदलली होती काय? तसे मानण्यास आधार नाही. बदलली होती ती प्रामुख्याने मोजपट्टी. २०१८ मध्ये भौतिक सुविधांना ४५ टक्के, तर आर्थिक घटकाला अवघे ५ टक्के भारांकन होते. दुसऱ्या वेळी जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० आणि नागरिकांच्या प्रत्यक्ष मताला ३० टक्के भारांकन मिळाले. शिवाय लोकसंख्येनुसार शहरांचे दोन गट करण्यात आले, त्यामुळे दोन्ही क्रमांकांची सरळ तुलनाही करता येत नाही.

यातील नागरिकांच्या मताचा भाग विशेष उद्बोधक ठरला. ३२ लाखांहून अधिक नागरिकांनी आपल्या शहराविषयी मत नोंदविले. त्या पाहणीत सर्वाधिक गुण मिळाले ते भुवनेश्वरला. म्हणजे तज्ज्ञांच्या आकडेवारीने महानगरांत ज्यांना वर बसविले, त्यांच्यापेक्षा वेगळ्याच शहरातील रहिवासी आपल्या शहरावर अधिक प्रसन्न होते.

जागतिक क्रमवारीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अशा याद्यांचा एक मूळ उपयोग बहुराष्ट्रीय कंपन्यांना परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरविण्यासाठी होता. कंपनीने घर, वाहन व शाळेचा खर्च उचललेल्या अधिकाऱ्याला जे शहर गैरसोयीचे वाटते, तेच शहर गावाकडून रोजगारासाठी आलेल्या कामगाराला संधीचे द्वार वाटू शकते. सारांश, क्रमवारी ही सरासरी असते, आणि सरासरी शहरात कोणीही राहत नाही.

राजधानीचा परिसर म्हणजे नेमके काय?

१९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ स्थापन झाले. आज हे क्षेत्र दिल्लीखेरीज हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या तीन राज्यांतील जिल्ह्यांत पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर आहे. दिल्लीचे स्वतःचे क्षेत्र मात्र १,४८३ चौरस किलोमीटरच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे १ कोटी ६८ लाख लोक राहत होते.

या परिसरातील प्रत्येक नगराचा जन्म निराळ्या कारणाने झाला. नवी दिल्ली ही १९११ च्या दरबारातील घोषणेतून जन्मलेली व १९३१ मध्ये उद्घाटन झालेली शासकीय नगरी. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने दिल्लीची लोकसंख्या १९४१ मधील सुमारे ९ लाखांवरून १९५१ मध्ये १७ लाखांवर गेली, आणि लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. फरीदाबादची औद्योगिक नगरी वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी वसली. नोएडा १९७६ मध्ये उत्तर प्रदेशाच्या औद्योगिक विकास कायद्यान्वये आखली गेली. गुरुग्राम मात्र हरियाणाच्या १९७५ च्या कायद्याने खासगी विकासकांना मिळालेल्या परवान्यांतून वाढले. चार नगरे एकमेकांस खेटून असूनही त्यांचे स्वभाव इतके भिन्न का, याचे उत्तर या जन्मकथांत आहे.

पाच कसोट्या

आता चाणक्यनीतीतील पाच कसोट्यांवर या परिसराची परीक्षा घेऊन पाहू.

धनिक. या कसोटीवर राजधानी नि:संशय उत्तीर्ण होते. दिल्लीचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे अडीच पट आहे. १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली आणि पुढील चाळीस वर्षांत त्या परिसराचे रूप पालटले. बिहार, उत्तर प्रदेश, उत्तराखंडापासून महाराष्ट्रापर्यंतचे तरुण येथे येतात ते हवामानासाठी नव्हे, तर कामासाठी.

विद्वान. जामिया मिलिया (१९२०), दिल्ली विद्यापीठ (१९२२), आयआयटी (१९६१), जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (१९६९) अशी शिक्षणसंस्थांची मालिका फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे. ग्रंथालये, संग्रहालये, नाट्यगृहे यांचीही येथे वाण नाही.

वैद्य. १९५६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही साऱ्या उत्तर भारताची आशा आहे. पण येथेच एक तारतम्य आवश्यक ठरते. जे रुग्णालय अर्ध्या देशाचे असते, ते शहरवासीयाला सहज उपलब्ध असतेच असे नाही. नामांकित संस्था शहरात असणे ही एक गोष्ट आणि पहाटे ताप चढलेल्या मुलाला दहा मिनिटांत डॉक्टर मिळणे ही दुसरी. क्रमवारीत पहिली अधिक दिसते, कुटुंबाला दुसरी अधिक लागते.

राजा. प्रशासनाची येथे उणीव नाही, झालीच तर गर्दी आहे. केंद्र सरकार, दिल्ली सरकार, दिल्ली विकास प्राधिकरण, दिल्ली महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपरिषद, छावणी मंडळ, आणि सीमेपलीकडे दोन-तीन राज्यांची प्राधिकरणे! दिल्लीची महानगरपालिका २०१२ मध्ये त्रिभागली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक झाली. सकाळी गाझियाबादहून निघून दुपारी गुरुग्रामला पोहोचणारा नोकरदार तीन शासनांच्या हद्दी ओलांडतो. त्याच्या मार्गावरील खड्डा, दिवा व गटार यांची जबाबदारी मात्र कोणाची, हे त्याला उमगत नाही.

नदी. या कसोटीवर राजधानीची मान खाली जाते. वझिराबाद ते ओखला हे यमुनेचे अंतर सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु नदीच्या प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून अधिक भार याच टप्प्यात पडतो. एके काळची साहिबी नदी आज नजफगड नाला म्हणून ओळखली जाते आणि तोच यमुनेत सर्वाधिक घाण आणून सोडतो. नदीकाठी वसलेल्या या नगरीला पाण्यासाठी गंगेच्या व भाक्राच्या पाण्यावरही विसंबावे लागते.

पाचांपैकी चार कसोट्यांवर वैभव आणि पाचवीवर दैन्य, असा हा ताळेबंद आहे. पण प्राचीन सूचीत एक गोष्ट मुळातच नव्हती. ती कधी हरवेल अशी कल्पनाही कोणी केली नसेल. ती म्हणजे हवा.

विकत न मिळणारी सहावी कसोटी

हवेतील अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा भारतीय मानकांनुसार घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ एवढी सुचविली. दिल्लीची वार्षिक सरासरी भारतीय मर्यादेच्याही दुपटीहून अधिक राहत आली आहे. वाहने, धूळ, उद्योग, कचरा जाळणे, शेजारच्या राज्यांतील शेतांत जाळले जाणारे पिकांचे खुंट आणि हिवाळ्यात जमिनीलगत कोंडून राहणारी थंड हवा, अशी त्याची अनेक कारणे आहेत. नोव्हेंबरात शाळा बंद ठेवाव्या लागतात, बांधकामे थांबवावी लागतात.

आर्थिक दृष्टीने पाहता, शहरातील सुखे दोन प्रकारची असतात. काही विकत घेता येतात आणि काही सर्वांना मिळून निर्माण करावी लागतात. गुरुग्राम हा या भेदाचा वस्तुपाठ आहे. तेथील गृहसंकुलांनी पाण्यासाठी टँकर, विजेसाठी जनरेटर, सुरक्षेसाठी पहारेकरी, करमणुकीसाठी क्लब अशी सारी व्यवस्था फाटकाच्या आत उभी केली. या नगराची महानगरपालिका स्थापन झाली ती थेट २००८ मध्ये, म्हणजे मनोरे उभे राहू लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी. जुलै २०१६ च्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला. पाणी तुंबले, आणि संगमरवरी संकुलांत राहणारे लोक रात्रभर महामार्गावर मोटारींत अडकून पडले. फाटकाच्या आतील सर्व काही विकत घेता आले होते, पण फाटकाबाहेरचे गटार मात्र कोणा एकाला विकत घेता येत नव्हते. हवेचेही तसेच आहे. शुद्धीकरण यंत्र एका खोलीपुरते काम करते. शाळेचे मैदान, बसथांबा आणि भाजीबाजार त्याच्या कक्षेत येत नाहीत.

असे असले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण याच नगरीने सामूहिक उपायांची यशस्वी उदाहरणेही घालून दिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ च्या अखेरपर्यंत दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या सीएनजीवर आल्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला शाहदरा ते तीस हजारी अशी पहिली मेट्रो सुरू झाली. पुढे ती २००९ मध्ये नोएडास, २०१० मध्ये गुडगावास व २०१५ मध्ये फरीदाबादेस पोहोचली. दिल्ली–मेरठ जलद रेल्वेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये ही गाडी दिल्लीत आली. हवेच्या प्रश्नासाठी २०२१ च्या कायद्याने संपूर्ण क्षेत्राकरिता एक आयोगही नेमला गेला. धूर राज्याची सीमा ओळखत नाही, हे उशिरा का होईना, कायद्याने मान्य केले.

मेट्रोच्या डब्यात सचिव आणि शिपाई शेजारी उभे असतात, आणि रात्री परतणारी मुलगी घरच्यांना नेमकी वेळ कळवू शकते. शहराच्या गुणवत्तेची ही खरी खूण होय. जे सुख सर्वांना मिळते तेच प्रत्येकाला निर्धास्तपणे मिळते.

अंतराची किंमत

प्रवासाचा वेळ हाही पैशाप्रमाणे हिशेबात धरता येतो. एक उदाहरण घेऊ. कार्यालयाजवळील मेट्रो स्थानकालगतचे घर दूरच्या घरापेक्षा २० लाख रुपयांनी महाग आहे, असे समजू. द.सा.द.शे. साडेआठ व्याजदराने २० वर्षांसाठी या जादा रकमेचा मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो. घरातील दोन मिळवत्या व्यक्तींचा जाता-येता एकेक तास वाचत असेल, तर २२ कामाच्या दिवसांत ८८ तास वाचतात. प्रवासखर्चात महिना ४,००० रुपयांची बचत धरली, तर निव्वळ खर्च १३,३५० रुपये राहतो. म्हणजेच वाचलेला प्रत्येक तास सुमारे दीडशे रुपयांना पडतो.

हा तास मुलांच्या अभ्यासासाठी, वृद्ध आईवडिलांसाठी वा स्वतःच्या विश्रांतीसाठी दीडशे रुपये मोलाचा आहे काय? याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने द्यावयाचे आहे. वाढीव हप्ता झेपत नसेल, तर दूरचे घर घेणेच शहाणपणाचे. मात्र निर्णय हिशेब मांडून व्हावा, केवळ चौरस फुटांचा दर पाहून नव्हे.

मालकीचा भक्कम पाया

उत्तम शहरातील संशयास्पद मालकीचे घर हे उत्तम घर नव्हे. २०१९ मध्ये केंद्राने दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांच्या मालमत्ता हक्कांना मान्यता देणारा कायदा केला. एवढी मोठी लोकवस्ती दशकानुदशके कुलमुखत्यारपत्रावर घरे घेत आली होती. केवळ अशा पत्रावर झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले होते. नोएडा व ग्रेटर नोएडा येथील आम्रपाली समूहाच्या रखडलेल्या प्रकल्पांत ४२ हजारांहून अधिक ग्राहक अडकले. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने त्या समूहाची नोंदणी रद्द करून उर्वरित बांधकाम सरकारी कंपनीकडे सोपविले. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबांना ‘उत्तम शहर’ हे शब्द त्या काळात कसे वाटले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून राजधानी परिसरात वा अन्यत्रही घर घेण्यापूर्वी ग्राहकाने पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. प्रकल्पाची रेरा नोंदणी. २०१६ च्या कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग विकासकाने स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश यांची प्राधिकरणे निरनिराळी असल्याने घर ज्या राज्यात आहे तेथील नोंद पाहावी.

२. मालकी हक्काची कागदपत्रे. ती वकिलाकडून तपासून घ्यावीत. बँक जी कागदपत्रे मागते ती ग्राहकाच्याही संरक्षणासाठी असतात.

३. स्वतःजवळची रक्कम. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून अधिक कर्जासाठी ७५ टक्के अशी मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्चाची तजवीज सामान्यतः वेगळी करावी लागते.

४. पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते. टँकरवर चालणाऱ्या संकुलाचा देखभाल खर्च दरवर्षी वाढतो.

५. एक भेट पावसाळ्यात, एक हिवाळ्यात आणि एक रात्री. रविवारी दुपारी पाहिलेले घर सोमवारी सकाळी तसेच असेलच असे नाही.

आपलेपणाचे माप

कोणत्याही निर्देशांकात न बसणारी एक बाब शेवटी उरते. पहाडगंज परिसरात नूतन मराठी शाळा उभी आहे. राजधानीत गणेशोत्सव साजरे होतात. १९५४ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा मैदानावर झाले, ज्या भागाशी १७३७ च्या बाजीरावांच्या स्वारीची आठवण निगडित आहे. पोटापाण्यासाठी परप्रांतात गेलेल्या माणसाला आपली भाषा कानी पडते, अडीअडचणीला शेजारी धावून येतो, तेव्हा तेच शहर घर होते. नागरिकांच्या पाहणीत भुवनेश्वर पुढे का आले, याचा उलगडाही कदाचित अशाच कोठल्यातरी समाधानात सापडेल.

उत्तम शहर कोणते, या वादाचा निकाल एका नावाने लागणार नाही. पंचविशीतील तरुणाला संधी हवी, तान्ह्या मुलाच्या आईला स्वच्छ हवा हवी, निवृत्ताला डॉक्टर व बाग हाकेच्या अंतरावर हवी. प्रत्येकाचे भारांकन निराळे असते, आणि ते ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. तथापि एक सूत्र सर्वांना समान लागू पडते. घराची शोभा दाराच्या आत ठरते, शहराची योग्यता दाराच्या बाहेर. दाराबाहेरची हवा, पाणी, रस्ता आणि शेजार यांत आपलाही वाटा आहे, असे मानणारे नागरिक जेथे अधिक, ते शहर आज क्रमवारीत कितव्याही स्थानी असो, उद्या राहण्याजोगे होईल. ज्या शहरात ग्राहक वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतो, त्या शहराच्या कारभाराकडे त्याने वीस वर्षे लक्षही ठेवले पाहिजे. ती गुंतवणूक कोणत्याही खतावणीत नोंदली जात नाही, पण तिचे व्याज पुढच्या पिढीला मिळते.